सरकणारा काठ

दुर्बिणीचं चाक फिरवता फिरवता धुकं जरा विरलं, आणि नदीपलीकडून दोन डोळे थेट आपल्याकडे बघताना तिला दिसले. ती दचकून मागे सरली. मग स्वतःशीच हसली. चारशे मीटरवरून त्याला काय डोंबल दिसणार!

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. "दचकलात ना?"

"छे! …तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्याकडेही दुर्बीण आहे की."

तिचं काम साधं होतं, पण सगळा पूल त्यावर उभा राहायचा होता. दोन्ही काठांवर एकेक उंच मनोरा, त्यावरून तिरप्या उतरणाऱ्या केबल, आणि केबलींनी तोलून धरलेला रस्ता. मनोरे कुठे रोवायचे हे ठरवायला आधी अंतर हवं. पलीकडचा मोजणीदार खुंटीपाशी काचेचा लोलक धरून उभा राही. तिच्या यंत्रातून प्रकाश जाई, लोलकावर आपटून परत येई, की आकडा उमटे. पहिल्या दिवशी आला चारशे बारा मीटर, तीस सेंटिमीटर. ताळ्यासाठी तिनं त्याच्या मागच्या टेकडीवरचा काळा कातळही मोजून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिसाचे अठ्ठावीस झाले. तिसऱ्या दिवशी पंचवीस.

"नदी अरुंद होतेय वाटतं," ती म्हणाली.

"तिलाही दया आली असेल. या दोघांना किती लांब ठेवायचं!"

"अहो, पुरे! लोलक सरळ धरा."

ती हसली खरी, पण अंगावर काटा आला. त्या काठावर पाखरू म्हणून बसत नव्हतं. वारा नसताना झाडं रोज थोडी अधिक पाण्याकडे वाकलेली दिसत. आणि एकदा तो हळूच म्हणाला होता, "इथे पायाखाली… कुणी कापड फाडत असल्यासारखा आवाज येतो."

चौथ्या दिवशी एकोणीस. पुलाच्या कामावरच्या साहेबांनी तिची वही मिटली. "काठ काय पाय फुटून चालतात? तुझा हात हलतो, पोरी. सरासरी काढ आणि उद्या दुपारी दे. नाहीतर मी दुसरं माणूस बघतो."

सरासरी काढणं सोपं होतं. पण त्या आकड्यावर मनोरा उभा राहणार होता. सकाळी ती पुन्हा यंत्रापाशी आली.

"आज मला विसरलात का?" तो म्हणाला.

"थांबा जरा."

तिनं आधी कातळ मोजला. आकडा तोच, केसभरही फरक नाही. म्हणजे यंत्र खरं होतं, हातही खरा होता. पलीकडचा अख्खा काठ सरकत नव्हता. कातळ जागच्या जागी होता… आणि मोजणीदार उभा होता तेवढीच जमीन तिच्याकडे येत होती.

तिनं लोलकावर रोख धरला. नऊ. बघता बघता आठ. सहा…

"अरे, पळ! टेकडीकडे पळ!"

"पण लोलक—"

"खड्ड्यात गेला लोलक! पळ म्हणते ना!"

तो वळला. खुंटी आपोआप, अगदी सावकाश कलली. झाडं उभीच्या उभी, थकलेली माणसं बसावीत तशी पाण्यात बसली. आवाज नाही. सेकंदभरानं धडाका नदी ओलांडून आला. आधी दिसतं, मग ऐकू येतं… शाळेत शिकलेला तो सेकंद तिला केवढा लांब वाटला! मग सगळं धुळीत आणि धुक्यात बुडालं.

"ऐकू येतंय का? …बोला ना. बोल रे!"

नुसती खरखर.

"…बूट गेला एक," धापा टाकत आवाज आला.

ती वही घेऊन साहेबांकडे धावली.

दुपारी साहेबांनी स्वतः नकाशावरची मनोऱ्याची जागा खोडली आणि मागे कातळावर नवी खूण केली. "पूल लांबणार," ते पुटपुटले. मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, "शाब्बास."

तो नावेतून आला. कमरेपर्यंत चिखल, एक पाय अनवाणी. हाताच्या अंतरावर दोघं उभे राहिले. शेवटी तो पाठ फिरवून वीस पावलं चालत गेला, आणि त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"ऐकू येतंय का?"

"हो…"

"मघाशी 'अरे' म्हणालात. आता परत अहो-जाहो नको. कधीच. समोर धीर होईना म्हणून इथून सांगतो… मला आवडता तुम्ही. फार."

तिनं डोळे पुसले.

"वळ की इकडे," ती म्हणाली. "मला जे सांगायचंय ते यंत्रातून नाही सांगायचं."

तो वळला, तेव्हा ती निम्म्या वाटेत आली होती.