मामाच्या हातचा घास

त्या काळात जन्मजात आजार दुरुस्त करून घेणं दात भरून घेण्याइतकं साधं झालं होतं. ओजस घोरपडेचं रक्तसुद्धा असंच, तिशी उलटल्यावर, एका सुईनं दुरुस्त झालं.

त्याचा आजार लाखो लोकांत एखाद्यालाच होणारा. जखम झाली की रक्त वेळेवर गोठायचं, घरचे हुश्श करायचे. आणि दुसऱ्या दिवशी ती गाठ आपोआप सुटून रक्त पुन्हा वाहू लागायचं. गोठलेल्या रक्ताची वीण घट्ट आवळणारं प्रथिनच त्याच्या अंगात नव्हतं. त्याचा पाठचा भाऊ डोक्यात रक्तस्राव होऊन गेला. ओजस भिंतीला धरून चालत वाढला, क्रिकेट खिडकीतून पाहिलं.

मग आला दूतविषाणू. आतून पोकळ केलेला, अगदी निरुपद्रवी विषाणू. त्याच्यात बिघडलेल्या जनुकाची धड प्रत भरायची, आणि तो ती यकृतात नेऊन पोचवायचा. सुई घेतल्यावर ओजस सायकल शिकला, पडला, आणि फुटलेला गुडघा अख्ख्या गल्लीला दाखवत फिरला. आनंदानं वेडाच झाला होता गडी!

त्याची धाकटी बहीण ऋजुता आत्याच्याच घरी दिलेली. तिच्याकडे नि नवऱ्याकडे, दोघांकडेही त्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत होती. बाळ मामाचा आजार घेऊनच आलं. पण आता घाबरतंय कोण? यकृत पुरेसं वाढलं, बाळ वर्षाचं झालं, की त्यालाही सुई.

त्याच आनंदात, मामाच्या सुईला महिनाही झाला नव्हता तोवर, उष्टावण झालं. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीच्या वाटीत खीर. खीर जरा गरम वाटली, म्हणून ओजसनं चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावला, फुंकर घातली आणि भरवला. कोणता मामा असं करणार नाही?

वाढदिवसानंतर बाळाची तपासणी झाली. डॉक्टर तेंडोलकरबाईंनी बहीणभावाला समोर बसवलं.

"बाळाला सुई देता येणार नाही. त्याच्या शरीरानं दूतविषाणूला ओळखून ठेवलंय. आता दिला, तर यकृतात पोचायच्या आतच ते त्याला मारून टाकेल."

"अहो, पण त्याला अजून दिलाच कुठंय?" ऋजुता म्हणाली.

"सुई घेतलेल्या माणसाच्या लाळेत तो काही आठवडे उतरतो. तेवढ्यानं दुरुस्ती होत नाही. पण शत्रू म्हणून ओळख पटायला तेवढा पुरतो, आणि ती ओळख शरीर विसरत नाही. म्हणून बजावलं होतं ओजसराव, आपलं उष्टं कुणाला देऊ नका."

"नाही हो दिलं! ताट, पेला, सगळं वेगळं ठेवलं होतं मी." बोलता बोलता ओजसचा हात ओठाकडे गेला. "खीर... खीर फक्त गरम आहे का, एवढंच बघितलं."



"मग आता?" ऋजुतानं विचारलं.

"हे जगले तसंच. दर महिन्याला दुसऱ्याच्या रक्तातला प्लाझ्मा चढवायचा. आणि डोकं जपायचं, जन्मभर."

ओजस ढसाढसा रडू लागला. बहिणीनं थोबाडीत मारावी, तोंडाला येईल ते बोलावं, असं त्याला फार वाटत होतं. ती नुसती बाळाकडे बघत होती. बाळ खुर्चीला धरून उभं होतं आणि हात सोडू पाहत होतं.

तिनं त्याला उचललं आणि भावाच्या मांडीवर ठेवलं.

"न पडता चालायला तूच शिकव दादा," ती म्हणाली. "आपल्या घरात ते दुसऱ्या कुणाला येतंय?"