तीन दिवसांत यॉर्क कसे पाहावे

सन एकोणीसशे शहाण्णवच्या जुलै महिन्यातील पहिल्या गुरुवारी, सकाळच्या प्रहरी, यॉर्क शहरातील नदीकाठच्या प्रवासी माहिती कचेरीत एक तरुण उघडी छत्री घेऊन शिरला आणि ती मिटायचे विसरून तसाच खिडकीपाशी येऊन उभा राहिला. छत्रीच्या काड्यांवरून निथळणारे पाणी त्याच्याच बुटांवर पडत होते. खिडकीमागे हेदर थ्वेट बसली होती.

“काय हवंय, राजा?” हेदरने विचारले.

यॉर्कमध्ये हे संबोधन बसवाला म्हातारीला लावतो आणि म्हातारी पोस्टमनला. त्यात प्रेमाचा अंश शोधणे म्हणजे ‘या, बसा’ म्हणणाऱ्याच्या घरी मुक्काम ठोकण्यासारखे आहे. परंतु हा तरुण दक्षिणेकडचा असावा. तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

“मला... तीन दिवस आहेत,” तो म्हणाला. “रविवारी दुपारच्या गाडीनं परत जायचंय. तेवढ्यात — काय पाहावं?”

हेदरने श्वास घेतला आणि सुरुवात केली. “आधी गावाभोवतीचा जुना तट. बूथॅम वेशीपासून मंक वेशीपर्यंतचा तुकडा चाला, मिन्स्टर कॅथीड्रलचे मनोरे तिथून सगळ्यांत छान दिसतात. पण सकाळी लवकर. नंतर सहलीच्या बस येऊन रिकाम्या होतात. शँबल्सची गल्ली दुकानं बंद झाल्यावर बघा, एरवी नुसत्या लोकांच्या पाठी दिसतात. मिन्स्टरवर चढायचं तर आधी गुडघ्यांना विचारा. गुडरॅमगेटमध्ये दुकानांच्या मागे होली ट्रिनिटीचं जुनं चर्च आहे. वाकडी फरशी, लाकडी कप्प्यांची बाकं, आणि आत कुणी नसतं. आणि चहासाठी रांगेत उभे राहू नका. चहा सगळीकडे चहाच असतो.”

“हे सगळं तुम्ही रोज म्हणता?”

“उन्हाळ्यात रोज. हिवाळ्यात कधीमधी, आरशासमोर... विसरू नये म्हणून.”

तो हसला, आणि तेव्हा कुठे त्याला छत्रीची आठवण झाली. ती मिटता मिटता त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, “आणि आज संध्याकाळी? गुरुवारी घंटांची तालीम कुठल्या चर्चमध्ये असते?”

हेदरच्या हातातली पेन्सिल थांबली. या खिडकीत तिला लोकांनी भुतांचे पत्ते विचारले होते, स्वच्छतागृहे विचारली होती, एकाने तर समुद्र विचारला होता. घंटांची तालीम आजवर कुणी विचारली नव्हती.

“तुम्ही वाजवता?”

“सफोकमध्ये, आमच्या गावात. मी ह्यू गर्लिंग. शाळेत भूगोल शिकवतो.”

“मग साडेसातला सेंट ऑस्विनला या. मागचं दार, जिना अरुंद आहे, डोकं सांभाळा. दोरी मिळेल.” तिने पेन्सिल खाली ठेवली. “मी... असते तिथं.”

ज्याला दोरी ओढता येते तो इंग्लंडातील कोणत्याच घंटाघरात परका नसतो. संध्याकाळी मनोऱ्यातल्या खोलीत ह्यू वाकून शिरला तेव्हा वादकांचे प्रमुख अर्नेस्ट बूथरॉइड यांनी त्याला गाव विचारले, नाव विचारले नाही, आणि पाचवी दोरी त्याच्या हाती दिली. बूथरॉइड हे रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बुटके, कमी बोलणारे गृहस्थ. सर्वांत मोठी घंटा ते स्वतः वाजवीत. हेदर तिसऱ्या दोरीपाशी उभी होती.

येथे घंटावादनाबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण सारा घोटाळा त्यातच आहे. सहा जण सहा दोऱ्या धरून वर्तुळात उभे राहतात. घंटा एकामागून एक वाजतात. पण दर फेरीला त्यांचा क्रम एका नियमाने बदलतो, आणि तो नियम डोक्यात धरायचा असतो. या फेरीत ज्याच्या मागून आपली घंटा वाजली, त्याच्याच मागून ती पुढच्या फेरीत वाजेल असे नाही. म्हणून प्रत्येकाची नजर फिरती राहते. आता ज्याच्या मागून वाजवायचे त्याच्यावर, पुढच्या क्षणी दुसऱ्यावर. येथे पाहणे हे कामच आहे. जो पाहत नाही तो चुकतो.

आणि ह्यू चुकत नव्हता. दोरीवरचा लाल-पांढरा लोकरी गोंडा हेदरच्या मुठीतून सुटून वर जाई, पुन्हा खाली येई, आणि त्या वर-खालीतून पलीकडे दोन करडे डोळे तिच्यावर स्थिरावलेले दिसत... क्षणभरच. मग ते निघून जात. आणि काही फेऱ्यांनी परत येत. हेदरचे मन प्रत्येक वेळी उडी घेई आणि प्रत्येक वेळी ती स्वतःला बजावी — वेडे, त्याला तुझ्या मागून वाजवायचे आहे, दुसरे काही नाही.

तालीम संपल्यावर मंडळी रिवाजाप्रमाणे समोरच्या पबमध्ये गेली. पाऊस थांबला होता. ओल्या अंगणातल्या बाकावर दोघे शेजारी बसले, कारण दुसरी कोरडी जागा नव्हती. निदान ह्यूने तसे सांगितले.

“तू माझ्याकडे बघत होतास,” हेदर ग्लासच्या कडेवर बोट फिरवीत म्हणाली.

“तुझ्या मागून वाजवायचं होतं.”

“दर वेळी?”

“जेव्हा जेव्हा होतं... तेव्हा तेव्हा.”

“आणि जेव्हा नव्हतं?”

ह्यूने बियरचा एवढा मोठा घोट घेतला की उत्तराला जागा उरली नाही. “तुमची मोठी घंटा फार सुंदर आहे,” तो शेवटी म्हणाला.

“मिस्टर बूथरॉइडना सांगते. ते लाजतील.”

शुक्रवारी सकाळी कचेरी उघडते न उघडते तोच ह्यू खिडकीत हजर.

“मिन्स्टर कुठं आहे?” त्याने विचारले.

हेदरने त्याच्याकडे पाहिले. मग त्याच्या खांद्यावरून उघड्या दाराबाहेर पाहिले. छपरांच्या वर अर्धे आकाश व्यापून मिन्स्टर उभे होते.

“मागे वळ,” ती म्हणाली.

“अरे वा,” असे म्हणून तो गेला, आणि दुपारी नदी कुठे आहे ते विचारायला परत आला. नदी कचेरीच्या मागच्या पायरीला लागून वाहते.

शेजारच्या खिडकीतल्या मॉरीनबाईंना दोन नवऱ्यांचा अनुभव होता. त्या चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, “भूगोलाचा मास्तर ना गं हा? याच्या हातची पोरं नॉर्वेला निघतील आणि नायजेरियात उतरतील.”

“विसराळू असेल, मॉरीन.”

“विसराळू माणूस छत्री विसरतो, बाई. नदी नाही विसरत.”

“मग सरळ बोलत का नाही?”

“ते मला काय विचारतेस? माझ्या पहिल्यानं बोलायला दोन वर्षं घेतली. आणि बोलला तेही माझ्या बहिणीशी.”

हेदर गोंधळली. आणि हा गोंधळ निष्कारण नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तिचा दिवस दोन ठिकाणी जाई. कचेरीच्या खिडकीत प्रत्येक जण तिच्याकडे पाहून हसे, कारण त्याला वाट हवी असे. मनोऱ्यात प्रत्येक जण तिच्याकडे टक लावी, कारण त्याला क्रम हवा असे. गेल्या उन्हाळ्यात ब्रिस्टलच्या एका देखण्या गृहस्थाच्या हसण्यावर विसंबून ती त्याच्याबरोबर जेवायला गेली होती, आणि त्याने पुडिंग येईपर्यंत बायकोसाठी चांगली शाल कुठे मिळेल याचीच चौकशी केली होती. पुन्हा तसे झाले तर सोसायचे नाही, असे तिने ठरवले होते. पण रविवारी दुपारी गाडी सुटणार होती. एक शब्द विचारावा तर हसे होण्याची भीती. न विचारावा तर जन्माची चुटपुट. ह्यूच्या मनात आहे की नाही एवढेच तिला गाडीच्या आधी कळायला हवे होते, आणि तेवढेच कळत नव्हते.

शनिवारी ती दुपारच्या सुट्टीत स्वतःच त्याला तटावर घेऊन गेली. वर ऊन होते, वाऱ्यात लिंडेनच्या फुलांचा मधासारखा वास होता. तटावरच्या वाटेला आतल्या बाजूने जागोजागी कठडा नाही. खाली बागा आहेत. ह्यू उघड्या बाजूला झाला आणि तिला भिंतीच्या बाजूला घेतले. हेदरच्या मनाने पुन्हा उडी घेतली. मग तिला आठवले की हा शिक्षक आहे. सहलीत पोरांना भिंतीकडे घालायची याला सवयच असणार. मन पुन्हा जागेवर आले.

“होली ट्रिनिटी पाहिलंस?” तिने विचारले.

“नाही अजून.”

“शँबल्स?”

“...नाही.”

“मिन्स्टरच्या आत तरी?”

“बाहेरून पाहिलं. तू दाखवलंस ना परवा... नाही, काल.”

“ह्यू, मी तुला एवढं सांगितलं, आणि तू एकही गोष्ट पाहिली नाहीस! मग तीन दिवस पाहिलंस तरी काय?”

ह्यू थांबला. त्याने दगडी भिंतीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. “मी...” तो म्हणाला. “हेदर, मी खरं म्हणजे —”

तेवढ्यात समोरून इटालियन शाळकरी मुलांचा लोंढा आला. वाट अरुंद, दोघेही भिंतीला चिकटून उभे राहिले, खांद्याला खांदा लावून. पिवळ्या टोप्या एकामागून एक, गलका करीत, पुढे सरकत राहिल्या, आणि त्या संपेपर्यंत ह्यूचा धीरही संपला होता.

“— चहा घेऊ या का?” त्याने वाक्य पुरे केले.

हेदरला त्याला तटावरून ढकलून द्यावेसे वाटले, आणि त्याचा हातही धरावासा वाटला. दोन्ही इच्छा सारख्याच बळकट असल्यामुळे तिने काहीच केले नाही. त्यांनी चहा घेतला. चहा सगळीकडे असतो तसाच होता.

रात्रभर विचार करून हेदरने एक कसोटी काढली. ह्यू तिच्याकडे योग्य वेळी पाहतो हे सिद्धच होते. त्यावरून काही निघत नव्हते. प्रश्न एवढाच की जेव्हा पाहण्याचे कारण नाही तेव्हाही तो पाहतो का. पाहत असेल तर ते प्रेम. नसेल तर ती उत्तम तालीम. कसोटी निर्दोष होती. तिच्यातली एक अडचण मात्र हेदरच्या ध्यानात आली नाही — कारण नसताना तो पाहतो की नाही हे पाहायला तिलाही कारण नसताना त्याच्याकडे पाहावे लागणार होते.

रविवारी प्रार्थनेपूर्वी सहाही जण मनोऱ्यात जमले. ह्यूची बॅग कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे पाहायचे टाळून हेदरने दोरी धरली.

“सावध,” बूथरॉइड म्हणाले. “रविवार आहे. सगळं गाव ऐकतंय.”

पहिली घंटा निघाली, मागोमाग इतर. क्रम बदलू लागला, नजरा फिरू लागल्या. ह्यूने हेदरकडे पाहिले: बरोबर, त्याला तिच्या मागून यायचे होते. मग तो दुसरीकडे वळला: तेही बरोबर. आता त्याला बूथरॉइड यांच्या मागून वाजवायचे होते आणि हेदरची घंटा त्याच्या नंतर, एक घंटा सोडून होती. आता तिच्याशी त्याचे काहीही काम नव्हते. आता.

हेदरने मान वळवली.

तो तिच्याकडेच पाहत होता.

पुढे काय झाले ते खाली फुटपाथवरच्या लोकांनीही ऐकले. पाचव्या घंटेचा ठोका घाईने दुसरीच्या ठोक्यावर आदळला, तिसरी वाजलीच नाही, मग भलत्याच ठिकाणी वाजली, आणि साऱ्या क्रमाची अशी काही दाणादाण उडाली की जणू भांड्यांचे फडताळ जिन्यावरून कोसळले.

“थांबा!” बूथरॉइड ओरडले.

सहाही दोऱ्या एकेक करून थांबल्या. खोलीत फक्त काशाची गुणगुण उरली.

“माझी चूक,” ह्यू म्हणाला.

“नाही, माझी,” हेदर म्हणाली.

“चूक कुणाची ते मी ठरवीन,” बूथरॉइड म्हणाले. चुकीचा पंचनामा केल्याशिवाय पुन्हा दोरी धरायची नाही, हा त्यांच्या मनोऱ्याचा नियम होता. “तू, सफोक. कुणाच्या मागून यायचं होतं तुला?”

“तुमच्या.”

“मग बघत कुठं होतास?”

ह्यूने दोरीकडे पाहिले, छताकडे पाहिले. “हेदरकडे.”

“तिची घंटा कुठं होती?”

“माझ्या नंतर, एक सोडून.”

“मग तिच्याकडे बघायचं कारण?”

“कारण... नव्हतं.” ह्यूचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. “गुरुवारपासून नाहीये. काल, परवा... मिन्स्टर मला स्टेशनवरून दिसलं होतं, मिस्टर बूथरॉइड. नदी पण. मी हेदरच्या खिडकीत सारखा उगाचच जात होतो.”

हेदरने तोंडावर हात धरला.

“आणि तू गं, पोरी? तुला खिडकीकडच्या दोरीच्या मागून यायचं होतं. तू कुठं बघत होतीस?”

“ह्यूकडे,” हेदर म्हणाली. मग अजिबात गरज नसताना तिने पुढे जोडले, “मला पण कारण नव्हतं.”

ह्यूने तिच्याकडे पाहिले. ती त्याच्याकडे पाहतच होती. कुणाची घंटा कुणाच्या मागून होती, हे दोघांनाही सांगता आले नसते.

बूथरॉइड यांनी आपली दोरी पुन्हा हातात घेतली, उरलेल्या तिघांकडे वळून पाहिले आणि घसा खाकरला.

“ही दोघं प्रेमात पडलीत,” ते म्हणाले. “आपण चारच घंटा वाजवू.”