निळ्या खडूची रेघ

दोन वर्षांनी कल्लाप्पांनी मुलाच्या घराची बेल वाजवली. दार सुनेनं, स्वानंदीनं उघडलं. शनिवारच्या त्या दुपारी तिनंच चिकपेटच्या दुकानात फोन करून अभिजीतच्या पायाचं काही बरं दिसत नाही, असं सांगितलं होतं, आणि चाळीस वर्षं शर्ट-पँट शिवणारे कल्लाप्पा हातातलं काम मशीनवर तसंच टाकून, गळ्यातला टेप काढायचंही विसरून एचएसआर लेआउटला धावत आले होते.

अभिजीत सोफ्यावर पडला होता. बापाला बघताच त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

"आज काय आणलंय अप्पा? हळद-चुन्याचा लेप?"

टोमणा कशाचा ते कल्लाप्पांना कळलं. दोन वर्षांपूर्वी अभिजीतच्या आईच्या, कस्तुराबाईंच्या पायाला पत्रा लागला, आणि त्यांच्या माहेरच्या रीतीप्रमाणे त्यावर गरम हळद-चुन्याचा लेप बसला. रोज जुन्या लेपावर नवा लेप. त्या पिवळ्या थराखाली पाय काळा पडत होता, ते कुणाला दिसलंच नाही... दवाखान्यात नेलं तेव्हा विष अंगभर पसरलं होतं. अतिदक्षता विभागात चौथ्या दिवशी त्या गेल्या. लेप कुणी लावला, असं डॉक्टरांसमोर अभिजीतनं विचारलं, तेव्हा कल्लाप्पांची नजर शेजारी उभ्या असलेल्या स्वानंदीकडे गेली. लग्नाला दीड महिना झालेली, पुण्याहून आलेली ती पोर सासूनं सांगितलं ते मनापासून करत होती. तिची नखं अजून पिवळी होती. ती ओढणीआड लपवत होती.

"मी लावला," कल्लाप्पा म्हणाले होते.

त्या दिवसापासून मुलगा बापाला दुरावला. स्वानंदीला मात्र त्यांनी बजावलं होतं, तू कधी बोलायचं नाहीस, तुला माझी शपथ आहे.

आता त्यांनी पाय पाहिला. मंगळवारी फुटबॉल खेळताना नडगीला खरचटलं होतं, वर नखाएवढी खपली होती. सकाळी जवळच्या क्लिनिकमध्ये स्नायू ताणला म्हणून गोळ्या दिल्या होत्या. पण अंगात ताप होता, खपलीभोवती तळहाताएवढी लाली होती, आणि अभिजीतला पायावर चादरसुद्धा सोसत नव्हती. कस्तुराबाई अगदी हेच म्हणाल्या होत्या. एवढ्याशा जखमेला एवढं कसं दुखतं हो... आणि आपण म्हणालो होतो, लेप लावलाय ना, उतरेल.

मोठ्या दवाखान्यात चल, असं ते म्हणाले. सोमवारी बघू, म्हणून अभिजीतनं झिडकारलं.

मग कल्लाप्पांनी खिशातून निळा खडू काढला आणि खाली बसून लालीच्या कडेकडेनं हलकी रेघ मारली.

"अप्पा, ही पँट नाहीये."

"पँट असती तर काळजी नव्हती. कापड रेघेबाहेर पसरत नाही." ते कष्टानं उठले. "अर्धा तास थांबतो. लाली आत राहिली तर जातो, पुन्हा तुझ्या दारात येणार नाही. बाहेर गेली तर माझ्याबरोबर यायचं."

"चालेल," अभिजीत म्हणाला.

अर्धा तास घड्याळाकडे बघण्यात गेला. कल्लाप्पा आयुष्यात पहिल्यांदा देवाजवळ मागत होते, की मला या घरातून हाकलून लाव... पण लाली रेघ ओलांडून दोन बोटं वर चढली होती. अभिजीतनं मान उचलून ती पाहिली, बराच वेळ पाहिली.

"स्वानंदी," तो म्हणाला, "गाडी काढ."

शल्यचिकित्सकांनी आडपडदा ठेवला नाही. वरून थोडं दिसत असलं तरी आत मांस झपाट्यानं मरत चाललंय, मेलेलं तेवढं सगळं आत्ताच कापून काढायचं, उद्या पुन्हा उघडून बघायचं, पाय वाचेलच असं नाही. संमतीच्या कागदावर स्वानंदीचं पेन अडलं. मीच सही करू ना अप्पा, असं तिनं विचारलं. कल्लाप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"कर, बाळ. झाकून ठेवल्यावर काय होतं, ते आपण एकदा बघितलंय."

सहा दिवसांत तीन शस्त्रक्रिया झाल्या. अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे नळ्या, यंत्रं, अभिजीतचा सुजलेला चेहरा. नर्स पवित्रा रोज कानडीत "स्वल्प ताळी, अण्णा" म्हणून त्यांना बाकावर बसवायची, आणि ते थोडं थांबायचे, पुन्हा उठून काचेशी उभे राहायचे. सातव्या दिवशी ती हसत आली. ताप उतरला होता, श्वासाची नळी काढली होती. पाय वाचला होता! कस्तुराबाई गेल्या तेव्हा न आलेलं रडू कल्लाप्पांना आता आलं.

दोन दिवसांनी स्वानंदी आत जाऊन आली, ती डोळे पुसतच.

"सांगितलं मी त्याला. तुमची शपथ मोडली, अप्पा."

कल्लाप्पा रागावणार होते, पण त्यांना जमलं नाही. भीत भीत ते आत गेले. अभिजीतनं या वेळी तोंड भिंतीकडे वळवलं नाही.

"दोन वर्षं मी तुम्हाला..." त्याचा आवाज अजून घोगरा होता. "एक शब्द तरी बोलायचा होता."

"काय बोलणार? तिनं मोठ्या माणसाचं ऐकलं. आणि मी तर घरातच होतो, लेप खरवडून एकदा पाय बघितला नाही. तो लेप माझाच होता रे. मी खोटं बोललोच नाही."

अभिजीतनं बापाचा हात धरला, आणि सुया टोचून खरबरीत झालेली ती बोटं कपाळाशी लावली. बराच वेळ सोडली नाहीत.

दिवाळीला अभिजीत काठी टेकत चिकपेटच्या दुकानाच्या तीन पायऱ्या स्वतः चढला. जुन्या पँटा डाव्या पायावर लोंबत होत्या, तिथलं मांस गेलं होतं. आत आल्या आल्या तो म्हणाला, "टेलर, नवी पँट पाहिजे. पण माप दोन्ही पायांचं वेगवेगळं घ्या."

"तीन दिवस लागतील," कल्लाप्पा म्हणाले. "गर्दी आहे."

"थांबतो की. मला कुठं जायचंय?"

गळ्यातला टेप काढून कल्लाप्पा मुलाच्या पायाशी बसले. डावी पोटरी सव्वादोन इंचांनी कमी भरली. त्यांनी ते कागदावर लिहिलं, मग निळा खडू घेतला आणि या वेळी कापडावर रेघ मारली.