गाळलेली चार मिनिटं

दुकानदाराने आधी मिक्सर सुरू केला, मग पंखा, आणि शेवटी कोपऱ्यातल्या स्पीकरवर ढोलताशाचं रेकॉर्डिंग लावलं. शोकेसच्या काचा थरथरायला लागल्या. मग त्याने अन्विता लोहकरेच्या हातात माईक दिला, कानांत इअरफोन घालायला सांगितले आणि गा म्हणून खूण केली. अन्विता दोन ओळी गायली. कानात फक्त तिचाच आवाज येत होता. तिचा श्वास, ओठ उघडल्याचा बारीकसा आवाजही ऐकू आला, पण ढोल नव्हता, मिक्सर नव्हता. सोलापुरातलं ते अख्खं दुकान कुणीतरी पुसून टाकल्यासारखं झालं होतं.

माईकचं नाव होतं एककंठी. साधा माईक दिशा निवडतो. समोरचं जास्त घेतो, बाजूचं कमी. पण गायिकेच्या मागे ड्रम असेल तर तोही आत शिरतोच, आणि स्पीकरचा आवाज फिरून माईकमध्ये गेला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. एककंठी दिशेऐवजी गळा निवडायचा. गाणाऱ्याने त्याच्यासमोर एकदा वीस मिनिटं बोलायचं, हसायचं, खोकायचं, सूर लावायचे. त्यातून तो त्या माणसाचा कंठठसा तयार करी. बोटाचा ठसा असतो तसा गळ्याचा. त्यानंतर त्या गळ्यातून न आलेलं सगळं तो तत्क्षणी वेगळं काढून गाळून टाकी.

अन्विताला त्याची गरज होती. बार्शीच्या ‘कोरडवाहू’ या बँडमध्ये ती अकरा वर्षं गात होती. विश्वेशचे ड्रम तिच्यापासून सहा फुटांवर असत. त्यांच्यावर आवाज चढवता चढवता तिच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. एक शस्त्रक्रिया झाली होती. दुसरी केली तर आवाज राहीलच असं सांगता येणार नाही, तेव्हा कार्यक्रम कमी करा किंवा ओरडणं थांबवा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्या दिवशी दस्तगीर मुलाणी तिच्यासोबत होते. बँडच्या पहिल्या कार्यक्रमापासून ध्वनीची सगळी व्यवस्था तेच बघत. साठी ओलांडली होती, पण कान तल्लख. त्यांनी आधी तीन साध्या माईकवर तिला आळीपाळीने गायला लावून पाहिलं. तिन्हींत ढोल शिरला. एककंठी चांगला आहे हे त्यांनी मान्य केलं. परतताना बार्शी जवळ आल्यावर मात्र ते म्हणाले, “अनू, कानात बोळे, डोळ्यांवर दिवे. बाहेरचं जे काय तुला कळत होतं ते माईकमधून येत होतं. आता तेही गेलं. मग समोर काय चाललंय ते कळायचं कसं?”

त्यांनीच मग उपाय काढला. मंचाच्या कडेला एक साधा माईक प्रेक्षकांकडे तोंड करून लावायचा आणि त्याचा आवाज अन्विताच्या डाव्या कानात हलकासा सोडायचा. तिला ते पटलं.

पुढचे सहा कार्यक्रम फार छान झाले. अन्विता वरच्या पट्टीतही कुजबुजल्यासारखी गाऊ शकत होती आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द पोचत होता. डॉक्टरांनी तपासून गाठी लहान झाल्याचं सांगितलं तेव्हा ती दवाखान्यातच रडली. खटकत होती ती एकच गोष्ट. डाव्या कानातून लोकांची बडबड येई, आणि तिचाच आवाज स्पीकरमधून फिरून थोडा उशिराने येई. त्या पडसादाने सूर हलायचा.

सातव्या कार्यक्रमाच्या दिवशी, दुपारच्या चाचणीच्या वेळी, तिने दस्तगीरभाईंना तो माईक बंद करायला सांगितलं. आजच्यापुरता का, असं त्यांनी विचारलं. कायमचाच, ती म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या माईकचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी पार खाली ओढली.

कार्यक्रम एका तालुक्याच्या गावी, मोठ्या मैदानावर होता. संध्याकाळी सातच्या सुमारास चौथं गाणं सुरू झालं. ते बँडचं सगळ्यांत आवडतं, उडत्या चालीचं गाणं. त्याच वेळी मैदानाचं डावीकडचं फाटक उघडलं आणि बाहेर खोळंबलेले लोक एकदम आत घुसले. मंचासमोर छातीपर्यंत उंचीचा लोखंडी कठडा होता. पुढची माणसं त्याच्यावर दाबली जाऊ लागली.

अन्विताला दिव्यांच्या झोतापलीकडे फक्त वर उचललेले हात दिसत होते. ते नाचताहेत असं तिला वाटलं. दोन कडव्यांच्या मध्ये ती हसून म्हणाली, “लांब का उभे राहिलात? या, अजून पुढे या.”

मागचे लोक पुढे सरकले.

दस्तगीरभाई मैदानाच्या मागच्या टोकाला, सगळ्या माईकचे आवाज जुळवायच्या मिक्सरपाशी होते. त्यांना लोकांच्या पाठी दिसत होत्या, आणि स्पीकरच्या दणक्यात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. डावीकडचे हात ठेक्यावर हलत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा चार मिनिटं उलटली होती. त्यांनी तिच्या कानात थेट बोलायचं बटण दाबलं. “अनू, गाणं बंद कर. कानातलं काढ.”

तिने इअरफोन काढले आणि तिला समोरचं ऐकू आलं.

विश्वेश आणि बाकीचे खाली उड्या टाकून कठड्यावरून माणसं ओढून काढू लागले. अन्विताही उतरली. एका बाईला तिने काखेत हात घालून वर घेतलं, मंचावर निजवलं, आणि बराच वेळ ती तिच्याशी बोलत राहिली. ती बाई गेलेली आहे हे कुणीतरी येऊन सांगेपर्यंत. त्या संध्याकाळी पाच जण गेले. सगळ्यांत लहान मुलगी पंधरा वर्षांची होती.

चौकशी झाली. फाटक वेळेआधी उघडणाऱ्या कंत्राटदारावर गुन्हा दाखल झाला. अन्विताने आपणहून सांगितलं की लोकांना पुढे या असं मी म्हटलं होतं. चौकशी अधिकारी बाईंनी ते लिहून घेतलं आणि मग एक गोष्ट सांगितली. एककंठी आवाज गाळतो, पण काय गाळावं हे अधिक चांगलं शिकता यावं म्हणून गाळलेला सगळा आवाज महिनाभर साठवून ठेवतो. तो त्यांनी मागवला होता. तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल, असं त्या म्हणाल्या. अन्विता बसून राहिली.

तिच्या गाण्यातून तिचा गळा वजा केलेली ती चार मिनिटं होती. ड्रम, गिटार, शिट्ट्या, टाळ्या. मग अगदी पुढून, कठड्याजवळून एका मुलीचा आवाज आला. “ताई, गाणं थांबवा.” तो अकरा वेळा आला. शेवटच्या दोन वेळी त्यात फक्त ‘ताई’ एवढंच होतं. माईकने सगळं नीट ऐकलं होतं. त्या सगळ्यापुढे त्याने स्वतःच्या नोंदीत एकच शब्द लिहिला होता: गोंगाट.

अहवालात अन्विताला दोष दिला गेला नाही. माईक ठरल्याप्रमाणेच चालल्याचं कंपनीने कळवलं, आणि ते खरंच होतं. दस्तगीरभाईंनी काम सोडलं. ती भेटायला गेली तेव्हा ते म्हणाले, “पट्टी मी ओढली, अनू. माझ्या हाताने.” मी सांगितलं म्हणून ओढलीत, ती म्हणाली. एकमेकांची समजूत घालायला दोघांकडे याहून जास्त काही नव्हतं. चहा निवत गेला.

पाच महिने ती गायली नाही. गाठी पूर्ण गेल्या.

सहाव्या महिन्यात निहारिका नावाची एक अभियंता कंपनीकडून बार्शीला आली. माईकची नवी आवृत्ती तयार होत होती. माणूस संकटात असेल तर त्याची हाक गाळायची नाही, गाणाऱ्याच्या कानात पोचवायची, असं ठरलं होतं. त्यासाठी कोणता आवाज आनंदाचा आणि कोणता धोक्याचा हे यंत्राला कुणीतरी शिकवायला हवं होतं. मंचावर उभं राहिलेल्या माणसाने. गेलेल्यांच्या घरच्यांची परवानगी तिने आणली होती. अन्विताने फक्त दस्तगीरभाईंना सोबत घेऊ द्या, एवढंच मागितलं.

तिघं दस्तगीरभाईंच्या घरी बसली. निहारिकाने त्या चार मिनिटांचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे केले होते. पडद्यावर दोन चौकटी होत्या, आनंद आणि धोका. तिसऱ्या-चौथ्या मिनिटातले तुकडे अन्विताने दात आवळून, पण न अडखळता लावले. मग निहारिका म्हणाली, “मॅडम, खरे महत्त्वाचे तुकडे पहिल्या मिनिटातले आहेत. तेव्हा गाणं थांबलं असतं तर सगळे वाचले असते.”

तिने पहिल्या मिनिटातला एक तुकडा लावला. एका मुलीचा आवाज, शब्द नसलेला, उंच, मध्येच तुटलेला. अन्विताने तो तीनदा ऐकला आणि हेडफोन दस्तगीरभाईंकडे दिले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

“मला नाही सांगता येत,” ते म्हणाले.

असेच आवाज तिने अकरा वर्षं प्रत्येक कार्यक्रमात ऐकले होते आणि त्यांच्यामुळे तिला चेव चढत असे. निहारिका वाट बघत होती. कुठल्यातरी एका चौकटीत तो तुकडा टाकायलाच हवा होता, कारण अन्विता जे सांगेल तेच पुढे हजारो मंचांवरचे माईक खरं मानणार होते. तिने हेडफोन पुन्हा घातले. ती पोरगी हसत होती, की तिला श्वास घेता येत नव्हता?