चौथ्या डब्यावरचा श्वास

ही रचलेली गोष्ट नाही. ज्याला खोटं वाटतं त्याने इथे जावा बेटावर, दिएंगला यावं आणि माझ्या भावाचं तोंड बघावं.

मागच्या रमजानमधली संध्याकाळ. रोजा सुटायला थोडाच वेळ होता.

मी आणि धाकटा भाऊ पार्यो जेवणाच्या प्लास्टिक डब्यांत स्वस्तातले सेन्सर बसवतो आणि ज्वालामुखीच्या भेगांजवळ टांगतो. विषारी वायू वाढला की गावाला मोबाइलवर कळतं. हा वायू जड, जमिनीलगत साचतो. म्हणून आमचा एकच नियम. खाली वाकायचं नाही. काही पडलं तर लांब बांबूच्या आकडीने उचलायचं.

त्या दिवशी मोबाइलवर चौथ्या डब्याची रेघ वर जात होती... खाली येत होती... पुन्हा वर.

"म्बाक, यावर कुणीतरी श्वास सोडतंय बघ," पार्यो हसला. ताईला आमच्याकडे म्बाक म्हणतात. "भुकेलं भूत असेल. रोजा सोडायला टेकलंय."

"बडबड पुरे. दोन्ही आकड्या घे."

बटाट्याच्या शेतामागे खड्डा आहे. त्यात धुकं भरलं होतं. डबा खाली पडलेला.

पार्योने आकडी खाली सोडली.

ती... खालून कुणीतरी धरली.

"म्बाक, मस्करी नको हं!"

मी तर त्याच्या मागे उभी होते.

एक हिसका. पार्यो खड्ड्यात तोंडावर पडला. मग त्याचं डोकं वर उचललं गेलं... आणि दगडावर आदळलं.

पुन्हा.

पुन्हा.

दात फुटल्याचा आवाज मी ऐकला. त्याचे हात लुळे पडले होते. तो स्वतः काहीच करत नव्हता.

"सोड त्याला! मेल्या, सोड माझ्या भावाला!"

त्याच्या मानेवरच्या रिकाम्या हवेत मी बांबू हाणला. हाडावर बसावा तसा तो कडकन वाजला. मी वेड्यासारखी हाणत राहिले. काहीतरी गरम, ओलं माझ्या तोंडावर उडालं. मग न वाकता त्याच्या कॉलरमध्ये आकडी अडकवली आणि त्याला फरफटत वर ओढलं. रोजा सोडायची, मगरिबची अजान सुरू झाली होती.

डॉक्टर म्हणाले, वायूने चक्कर आली, पडला.

मग मानेवर बोटांचे वळ कुणाचे?

पार्यो वाचला. चौथ्या डब्याची रेघ तेव्हापासून सरळ आहे.

तपासणीसाठी एक डबा घरीही असतो, पार्योच्या खाटेखाली. पार्यो सध्या सासुरवाडीला गेलाय. खोलीला कुलूप आहे.

आत्ता मोबाइलवर त्या डब्याची रेघ वर जातेय... खाली येतेय...

मला तो बंद करायचाय. पण त्यासाठी खाटेखाली वाकावं लागेल.