गुप्तहेर की बाळंतीण?

पिंगळीच्या फलाटावर सावलीतलं असं एकच बाक होतं. त्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेले काळ्या कोटातले वकील पुस्तक वाचता वाचता इतके मोठ्यानं हसत होते, की माझ्या मांडीवरची तान्ही बाळी सारखी दचकत होती.

“ऐकायलीस का?” ते शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाले. “हा गुप्तहेर घराला कुलूप घालतो, कोपऱ्यापर्यंत जातो, अन् परत येऊन कुलूप ओढून बघतो!”

“मग? मी बी बघते की.”

“तू गुप्तहेर हायीस का, कस्तुराबाई?”

पुस्तकाचं पिवळं वेष्टन मला दिसलं — ‘सरकीच्या गोदामातला हात’. आणि मी पुढे वाकून ते पुन्हा वाचलं.

ते पुस्तक आमच्या घरचं! म्हणजे ‘ह्यां’नी लिहिलेलं. कुणी प्रकाशक दारात उभं करीना, म्हणून स्वतःच पुण्याहून छापून आणलेलं. मी बाळंतपणासाठी राणीसावरगावला माहेरी गेले आणि मागे ते छापून आलं. एक प्रत धाडा म्हटलं, तर उत्तर काय? ‘परत आलीस की बघू.’ कॉलेजात शिकलेली मी! आणि माझ्याच नवऱ्याचं पुस्तक कुणा वकिलानं माझ्याआधी वाचावं? संताप नाही येणार?

हे आज मला न्यायला आले होते. आत्ता कढत पाणी मागायला स्टेशनमास्तरांकडे गेले होते. बाळीची वाटी मी कढत पाण्याशिवाय धूत नाही.

“पुढं ऐक,” वकील म्हणाले. “समोर दूध आलं की दोनदा हुंगतो. दारातल्या वहाणांवरून घरात कोण आलंय ते सांगतो. अन् निजलेल्या माणसाच्या नाकाखाली बोटं धरून श्वास बघतो! मुडद्याच्या नव्हं, चांगल्या घोरणाऱ्या माणसाच्या!”

माझी बोटं त्या क्षणी बाळीच्या नाकाखालीच होती. मी हात चटकन पदराआड घेतला.

कुलूप… दूध… वहाणा… ही तर मी! दोन वर्षांच्या संसारात ‘चहा झाला का’ याच्यापुढे फारसं न बोललेला हा माणूस कोपऱ्यात बसून माझी टिपणं काढत होता? आणि ती छापून लोकांना हसायला दिली? कानशिलं तापली माझी. परभणीला सासरी जायचंच कशाला? उलट्या गाडीनं माहेरी परतावं!

फक्त एक गोष्ट जुळेना. बाळी तर माहेरी जन्मली. मग मी श्वास बघते, हे ह्यांना कळलं कसं?

“आमच्या परभणीच्या बाररूममध्ये सगळ्यांचं एकच मत हाय,” वकील आता मलाच सांगू लागले. “हा गुप्तहेर आहे की बाळंतीण? मोंढ्याच्या बाजारातले अडते म्हणतात, सरकीचं पोतं असं कुणी शिवतच नाही. हेडमास्तर म्हणतात, पिस्तूल कुठंय?”

“खुनी सापडला का?” मी विचारलं.

“आं? सापडला म्हणा.”

“कशावरून?”

“ते… दुधाच्या वासावरून.”

“आणि गोदामाचं कुलूप?”

“ओढून बघितलं, तर नुसतंच अडकवलेलं.”

“म्हणजे पिस्तूल कमरेला लावून फिरणारा तुमचा गुप्तहेर त्या कुलपासमोरून मिशीला पीळ देत निघून गेला असता! आणि हसायचं कुणाला? ज्यानं पाहिलं त्याला?”

कस्तुराबाई खुदकन हसल्या. “अवो, बाई तर कोर्टातल्यासारखी तुमचीच जिरह घ्यायल्या!”

वकील चिडले. “तुम्ही लेखकाच्या कोण? वेष्टनावर नुसतं पुस्तकाचं नाव, अन् पहिलं पान फाटलंय, न्हाई तर त्या येड्याला नाव घेऊन चार शब्द सुनावले असते.”

येडा? घटकाभरापूर्वी मी मनातल्या मनात याहून वाईट म्हणाले होते. पण तो माझा हक्क! ह्या काळ्या कोटाचा नव्हे!

“नाव हवंय ना? घ्या! विष्णु व्यंकटराव सेलूकर! माझे यजमान आहेत!”

वकिलांनी पुस्तक मिटलं.

“अगं बया!” कस्तुराबाईंनी तोंडाला पदर लावला. “नवऱ्याचं नाव? बिनउखाण्याचं? अन् वर सासऱ्याचंबी!”

मागे तांब्या खुळखुळला. “पाणी… कढत आहे,” ह्यांचा आवाज आला.

मी बाळीला उचललं आणि फलाटाच्या टोकाला, कापसाच्या गाठींपाशी जाऊन उभी राहिले. हे तांब्या सांभाळत मागोमाग.

“साऱ्या परभणीनं मला हसावं म्हणून छापलंत का हो?”

“लोक गुप्तहेराला हसतात…”

“तो गुप्तहेर मी आहे!”

“ओळखलंस?” आणि हे चक्क खूष झाले! अशा माणसावर रागवायचं तरी कसं? “तुझ्याइतकं नीट बघणारं दुसरं कुणी मला माहीतच नाही. मग गुप्तहेर कुणासारखा करू?”

“आणि प्रत का नाही धाडलीत?”

“तू वाचताना मला समोर बसायचं होतं.”

मी बाळीचं टोपरं उगीचच सारखं केलं. मग म्हटलं, “आणि श्वासाचं? ते कुणी सांगितलं?”

ह्यांचे कान लाल झाले. तांब्या या हातातून त्या हातात गेला. “माझ्या नाकाखाली धरायचीस ना… लग्न झाल्यापासून. मी जागाच असायचो.”

“जागे? आणि बोलला नाहीत?”

“बोललो असतो, तर तू थांबली असतीस…” मग अगदी हळू — “कधी कधी मी श्वास रोखून धरायचो. मग तुझा हात जरा जास्त वेळ राहायचा.”

इथे माझा जीव टांगणीला लागत होता, आणि ह्यांना गंमत सुचत होती! खूप बोलायचं होतं मला. पण तेवढ्यात गाडी आली. माहेरची नव्हे, परभणीची. मी चढले.

“सेलूकर!” पलीकडच्या डब्यातून वकील ओरडले, “पुढच्या पुस्तकात गुप्तहेर बाईच करा! लय बेस चालतंय!”

गाडी सुटली. बाळी निजली, तिचा श्वास पाहिला. समोरची म्हातारी बोचक्यावर मान टाकून डुलत होती. ह्यांनीही खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले होते. मी बोटं पुढे केली. ऊन ऊन श्वास लागला… आणि बंद. साफ बंद!

लबाड! मी सरळ नाकच चिमटीत पकडलं आणि कानाशी वाकले.

“विष्णु व्यंकटराव,” मी म्हटलं, “गुन्हेगार सापडला.”