भिंतीपुढचा माणूस

कारंज्यापाशी तो सांगितल्या वेळेच्या सहा मिनिटं आधीच येऊन उभा होता, आणि हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. आधी त्यानं ते खिशात घातले, मग बाहेर काढले, मग पाठीमागे बांधले. समोरच्या कमानीच्या आडून ती हे सगळं बघत होती, आणि तिचंही धाबं दणाणलेलं होतं. गळ्यात दादाचा कॅमेरा होता, अंगात दादाचं जाकीट होतं, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'जुन्या शहरात तुमचं छायाचित्र' असं लिहिलेलं होतं… आणि आयुष्यात तिनं माणसाचा एकही धड फोटो काढलेला नव्हता.

तिचं काम भिंतींवरचं. जुन्या इमारतींच्या दगडांच्या सांध्यांतला सुटलेला चुना खरवडून काढायचा आणि तिथे नवा भरायचा, हे ती नऊ वर्षं करत होती. कामावर तिला सगळे 'चुनेवाली' म्हणत, कारण बोटांना, कोपरांना, कधीकधी भुवईलासुद्धा चुना लागलेला असायचाच. फोटो हा दादाचा प्रांत. दर रविवारी लोकांना जुन्या शहरातून हिंडवायचं, गल्ल्याबोळांच्या गोष्टी सांगायच्या आणि दोन तासांत त्यांचे वीस-पंचवीस चांगले फोटो काढून द्यायचे, हा त्याचा व्यवसाय. आणि काल संध्याकाळी दादा न्हाणीघरात घसरला. घोट्याला प्लास्टर.

"रद्द कर की," ती म्हणाली होती.

"ह्या माणसाला दोनदा पुढे ढकललंय. एकदा वादळ आलं, एकदा मला ताप आला. आता तिसऱ्यांदा कुठल्या तोंडानं सांगू?" दादा पलंगावरूनच म्हणाला. "सगळं लावून ठेवलंय. तू फक्त बटण दाबायचं. शहर तर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"शहर माहीत आहे रे. माणसं कुठे माहीत आहेत?"

वहिनी आतून म्हणाली, "एकच तर माणूस आहे. तेवढा जमेल."

तर आता तो एकच माणूस समोर होता. इस्त्रीचा निळा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. ती पुढे झाली.

"नमस्कार. आज मी आहे. आमचे मुख्य छायाचित्रकार जरा—"

"पडले का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"वादळ झालं, ताप झाला. आता पडणंच राहिलं होतं."

ती हसली. मग छायाचित्रकार एवढं हसत नसावेत असं वाटून थांबली. "फोटो कशासाठी हवेत?" हे विचारायचं, असं दादानं बजावलं होतं.

"भाचीसाठी. शाळेत तिला घराण्याचा तक्ता करायचाय. सगळ्यांचे फोटो लागलेत, मामाचा चौकोन तेवढा फोटोविना आहे. बुधवारी द्यायचाय."

"तुमचा एकही फोटो नाही?"

"योग आला नाही," तो म्हणाला आणि कारंज्याकडे बघायला लागला.

तिनं त्याला कारंज्याच्या कठड्याला टेकून उभं केलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याचा चेहरा नुसता काळा दिसत होता. ती गोंधळली. तेवढ्यात तोच म्हणाला, "मी जरा इकडे वळू का? डोळ्यांवर ऊन आलं की बरं वाटतं मला."

विचित्र आवड आहे, असं तिला वाटलं. पण तो वळला आणि चेहरा दिसायला लागला, त्यामुळे तिचा जीव भांड्यात पडला. फोटो निघाला. तिनं तो मोठा करून बघितला आणि नकळत म्हणाली, "वा. सांधा काय सुरेख आलाय."

"कुठला सांधा?"

"म्हणजे… तुम्हीपण."

तिथून ती त्याला सुताराच्या गल्लीत घेऊन गेली, मग तीन कमानींच्या चौकात. फोटो काढता काढता तिचं तोंड सुरू झालं आणि तोंड सुरू झाल्यावर तिची भीती गेली. ही कमान दोनदा कोसळली आणि दोनदा उभी राहिली. तो कोपरा बैलगाड्यांच्या आसांनी घासून गोल झालाय. "जरा डावीकडे सरका, तुमच्यामुळे मागचं झिजलेलं दिसत नाही," ती म्हणाली, आणि तो निमूटपणे सरकला.

"इथे हात लावा," तिनं एका भिंतीपाशी सांगितलं. "आता इथे. काय फरक वाटतो?"

त्यानं तळवा टेकवला. मग दुसऱ्या जागी टेकवला. "हे गार आहे. आणि हे… ओलसर?"

"तिथे कुणीतरी घाईघाईनं सिमेंट फासलंय. सिमेंट लावलं की भिंतीतली ओल आतच कोंडते. चुना तिला बाहेर जाऊ देतो. हा चुन्याचा भाग मी भरलाय, तीन वर्षांपूर्वी."

"सगळा?"

"इथपासून त्या खिडकीपर्यंत. सध्या घड्याळाच्या मनोऱ्यावर आहे. दिवसभर परांचीवर लटकायचं. खालच्या कुणाला पत्ताही नसतो."

"माझंही तसंच," तो म्हणाला. "मी बसचं वेळापत्रक करतो. तिकडे आगाराच्या वर ऑफिस आहे."

"म्हणजे बस उशिरा आली की लोक शिव्या देतात, त्या तुम्हाला?"

"मलाच. फक्त त्यांना ते माहीत नसतं." मग तो जरा मोकळा होऊन सांगायला लागला. मोठ्या शाळेच्या थांब्यावर त्यानं दोन मिनिटं जास्तीची धरली होती, कारण लहान मुलं दप्तरं सावरत चढतात आणि मागून माणसं ढकलतात. साहेबांनी विचारलं होतं, ही दोन मिनिटं कशाची? त्यानं सांगितलं, पायऱ्या उंच आहेत. साहेब स्वतः जाऊन पायऱ्या मोजून आले. "उंचच निघाल्या," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा एक खांदा वर जायचा. ते बघता बघता तिनं बटण दाबलं, आणि दाबलंय हे तिच्या लक्षातही आलं नाही.

जुन्या बाजारापाशी पोचेपर्यंत पावसाची सर आली. समोरच्या दारात दोघं शिरली. तो भिंतीला टेकणार तेवढ्यात तिनं त्याची बाही धरली. "तिथे नको, तिथे गळतं. दोन पावलं इकडे."

दोन पावलं इकडे जागा फार नव्हती. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा आणि पावसाचा वास येत होता. ती बाही सोडायची विसरली होती. आठवल्यावर तिनं ती जरा घाईनंच सोडली.

"कॅमेरा भिजलाय. द्या, पुसतो," तो म्हणाला. त्यानं रुमाल काढला, भिंगावरचे थेंब हलक्या हातानं टिपले, आणि पुसता पुसता अंगठ्यानं वरचं एक छोटं चाक दोनदा फिरवलं. न बघता. आपण पोळीला पीठ लावावं, तितक्या सवयीनं.

"ते काय केलंत?"

"पुसला."

"त्याच्यानंतर. चाक फिरवलंत."

त्यानं रुमाल खिशात कोंबला. "इथे उजेड कमी आहे," शेवटी म्हणाला, "म्हणून…"

"तुम्हाला येतं हे सगळं."

"घरातले सगळे फोटो मीच काढतो. शाळेत असल्यापासून. म्हणून तर माझा एकही नाही. भाचीनं मामाच्या चौकोनात कॅमेऱ्याचं चित्र काढून ठेवलंय."

तिचे कान तापले. "आणि मला येत नाही हे कधी कळलं?"

"कारंज्यापाशी. तुम्ही मला उन्हाकडे पाठ करून उभं केलंत तेव्हा."

डोळ्यांवर ऊन आलं की बरं वाटतं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आणि दोन तास बोलला नाहीत."

"दीड."

"काय?"

"दीड तासच झालाय."

हे त्यानं म्हणायला नको होतं. ते त्यालाही म्हटल्या क्षणी कळलं, पण तोवर तिनं कॅमेरा त्याच्या हातून घेतला होता. "मी सकाळपासून घाबरून मरतेय, आणि तुम्ही आपली मजा बघताय. फोटो संध्याकाळपर्यंत मिळतील. त्यात एकही धड नसणार, हे तुम्हाला ठाऊकच आहे."

"अहो, ऐका तरी—"

पण ती सरीतून निघून गेली होती. रागापेक्षा लाज जास्त होती, आणि लाज वाटत असताना तिला उभं राहवायचं नाही.

घरी दादानं पाय उशीवर ठेवून फोटो बघायला घेतले. एकशे बारा. ती शेजारी खाली मान घालून बसली होती. दादा एकेक पुढे ढकलत होता.

"भिंती अप्रतिम आल्यात," शेवटी तो म्हणाला. "दगडान् दगड मोजून घ्यावा. पुढचा माणूस मात्र सगळीकडे धुरकट. असं वाटतंय की धुकं शर्ट घालून हिंडतंय."

"सांगितलं होतं ना, मला माणसं जमत नाहीत."

"थांब." दादा एका फोटोवर थांबला होता. त्यानं तो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. "वहिनीला बोलाव."

वहिनी हात पुसत आली. फोटोत तो होता, एक खांदा वर, मान किंचित तिरकी, काहीतरी सांगता सांगता हसलेला. मागे नुसता करडा रंग. भिंत होती की आकाश, तेही कळत नव्हतं.

"हा तू काढलास?" वहिनीनं विचारलं.

"चुकून."

वहिनीनं दादाकडे बघितलं, दादानं वहिनीकडे. "एकशे अकरा फोटोंत भिंत बघत होतीस," दादा म्हणाला. "ह्या एकात भिंत विसरलीस. पाठवून देऊ त्याला?"

"नको," ती म्हणाली. मग फोटोकडे पुन्हा बघून, "कागदावर काढून दे. मी नेऊन देईन."

मंगळवारी तिनं कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आगाराच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती. भिंतभर पसरलेल्या कागदावर तिरप्या रेघांचं जाळं काढलेलं होतं, एक रेघ म्हणजे एक बस. तो त्या कागदासमोर पेन्सिल घेऊन उभा होता. तिला बघून त्यानं पेन्सिल कानावर ठेवली, आणि ती पडली.

तिनं पाकीट पुढे केलं. "उद्या द्यायचाय ना तक्ता."

त्यानं पाकिटातून फोटो काढला आणि बघत राहिला. "हा मी आहे?"

"साहेब पायऱ्या मोजायला गेले, ते सांगतानाचे तुम्ही."

"मी असा दिसतो हे मला माहीत नव्हतं." त्यानं फोटो जपून पाकिटात घातला. "माझं चुकलं. तिथेच सांगायला हवं होतं."

"का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही तिथूनच परत गेला असता." तो पाकिटाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला. "आणि दुसरं असं, की कॅमेरा समोर आला की मी लाकूड होतो. लोक 'हसा, हसा' म्हणून जीव खातात. तुम्ही म्हणालात, सरका, मागचं दिसत नाही. इतकं सुटल्यासारखं वाटलं मला… मी मजा बघत नव्हतो. मला मजा येत होती."

 तिनं घड्याळ बघितलं. "मला दीडला मनोऱ्यावर पोचायचंय."

"मग एक वाजून पाचची गाडी आहे. चला, माझी जेवणाची सुट्टी आहे. सोडतो."

"जेवणार नाही?"

"डबा येतोय बरोबर," तो म्हणाला, आणि खरंच डबा घेऊन निघाला.

बसमध्ये गर्दी नव्हती. ती खिडकीशी बसली, तो शेजारी, डबा मांडीवर. दोन थांबे दोघंही रस्त्याकडे बघत होती. तिसऱ्या थांब्यानंतर ती म्हणाली, "एक सांगायचंय. मला आडवळणानं बोलता येत नाही, त्यामुळे सरळच सांगते. मला तुम्ही आवडता. फोटो दादाही पाठवणार होता. मी हे सांगायला आले."

त्यानं मांडीवरचा डबा उगाच सरळ केला. बस मनोऱ्यापाशी थांबली. पुढच्या दारानं दोन बायका उतरल्या, मागच्या दारानं एक म्हातारा चढला. दार लागलं. बस निघाली.

"तुमचा थांबा गेला," तो म्हणाला.

"माहीत आहे. उत्तर आलेलं नाही, म्हणून बसलेय."

त्यानं मागे वळून काचेतून मनोऱ्याकडे बघितलं. परांचीवर माणसं मुंगीएवढी दिसत होती. "काल जाता-येता इथे बघत होतो," तो म्हणाला. "आज सकाळीपण. वर एक पांढरा ठिपका दिसला, की तो म्हणजे तुम्हीच असं धरून चालत होतो."

"वर आम्ही अकरा जण असतो. अकराही जण पांढरे."

"मग अकराही जणांकडे प्रेमानं बघत होतो, असं समजा."

"म्हणजे हो?"

"हो," तो म्हणाला. मग ते पुरेसं नाही असं वाटून, जरा हळू, "केव्हापासूनच हो."

ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली, कारण चेहऱ्यावरचं हसू तिला आवरत नव्हतं. मांडीवरच्या डब्याशेजारी त्याचा हात होता. तिनं आपला हात त्यावर ठेवला. चुन्यानं खरबरीत झालेला, नखांत पांढरं राहिलेला. त्यानं तो उलटा करून नीट धरला. बस नदीच्या बाजूला वळली. तिला कामाची आठवण झाली.

"पुढचा थांबा किती मिनिटांवर आहे?" तिनं विचारलं.

तो मार्ग त्यानंच आखलेला होता, त्यातला मिनिट न् मिनिट त्यानं पेन्सिलीनं मांडलेला होता. त्यानं तोंड उघडलं, खिडकीबाहेर बघितलं, परत तिच्याकडे बघितलं.

"आठवत नाही," तो म्हणाला.